वाचकांचे प्रश्न : पेशवाईतल्या पुण्यात घडलेला खून कसा लिहावा?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून 1791 सालच्या पुण्यावर एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. घाशीराम कोतवालाच्या अखेरच्या काळात एका सावकाराच्या कारकुनाचा खून होतो आणि कोतवालीतला एक तरुण कारकून त्याचा छडा लावतो. निम्मे लेखन झाले आहे. परंतु घरच्यांच्या मते वाडे आणि पालख्या जुन्या असल्या तरी गोष्ट आजच्या पोलीस ठाण्यातली वाटते. काय करावे? – एक वाचिका, सातारा

उत्तर : दोष बहुधा वर्णनात नसून तपासाच्या रीतीत आहे. आपला कारकून बोटांचे ठसे, शवविच्छेदन आणि अचूक वेळा यांच्या अंगाने विचार करत असेल, तर त्याला अंगरखा घालून काही साधणार नाही. गुन्हा त्या शहराच्या व्यवस्थेतून घडला पाहिजे आणि त्याच व्यवस्थेतून उलगडलाही पाहिजे.

पेशवाईतल्या पुण्याची ही व्यवस्था रहस्यकथेला विलक्षण सोयीची आहे. बाजारातली वजनमापे आणि भाव, घरांच्या खरेदीविक्रीचे व्यवहार, बाहेरगावाहून आलेल्या-गेलेल्या माणसांची नोंद आणि रात्रीची गस्त हे सारे कोतवालीकडे असे. रात्री तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्या माणसाला सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. त्यामुळे खून तोफेआधी झाला की नंतर, एवढे एकदा ठरले की तोफेनंतर फिरण्याची मुभा कोणाकोणाला होती याचा विचार करता करता संशयितांची यादी आपोआप आखडत जाते.

वेळ घटिकांत मोजली जात असे, हेही विसरू नये. दिवसाच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका आजच्या चोवीस मिनिटांची. मोजणी सूर्योदयापासून होत असल्यामुळे घटिकापात्रापाशी बसलेल्या माणसाचा हिशेब आणि आभाळाकडे पाहून बोलणाऱ्या साक्षीदाराचा अंदाज यांत सहज फरक पडू शकतो. खोटी साक्ष लपवायला आणि उघडी पाडायला एवढी फट पुरते. आपला मृत माणूस सावकाराचा कारकून असल्यामुळे त्याच्या कनवटीला सापडलेले रुपये कोणत्या छापाचे आहेत, हाही उत्तम दुवा ठरेल. अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये तेव्हा चालत आणि त्यांच्यावर वेगवेगळा बट्टा बसे. अमुक छापाचा रुपया अमुक पेढीवरून आला असावा, असा तर्क सराफाच्या तोंडी शोभून दिसेल.

आपण निवडलेले साल तर फारच चांगले आहे. श्रावणमासातल्या दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत असत, त्यामुळे अनोळखी माणसांची नोंद ठेवणाऱ्या कोतवालीची त्या दिवसांत तारांबळ उडाली असेल, असे कल्पायला हरकत नाही. त्याच सुमारास कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि 31 ऑगस्ट 1791 रोजी संतप्त जमावाने घाशीरामाला दगडांनी ठार केले. तपास करणाऱ्याचा वरिष्ठच असा नाहीसा होणार आहे. यापेक्षा कडक मुदत कल्पनेने शोधूनही सापडणार नाही. शिवाय कोतवालीच्या माणसाशी कोणीही मोकळेपणाने बोलायला तयार नसणार, ही अडचण प्रत्येक प्रसंगात कामी येईल. मात्र खुनी म्हणून स्वतः घाशीरामालाच उभे करू नये, कारण वाचकाचा संशय पहिल्या पानापासून त्याच्यावरच असतो.

एक इशारा. कात्रजहून शहरात पाणी आणणारा दगडी नळ काही भागांत माणूस चालू शकेल इतका प्रशस्त असल्यामुळे प्रेत तिथे लपवण्याचा मोह अनेक नवलेखकांना होतो. ते पाणी हौदांवर भरणारे अर्धे गाव दोन दिवसांत बोंब मारील, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. नळाचा उपयोग करायचाच असेल, तर पळून जाण्यासाठी करावा.

साधनांसाठी गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे 45 खंड चाळावेत आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात काही दिवस बसावे. मोडी शिकणे उत्तम, पण कादंबरीसाठी ते अनिवार्य नाही.

प्रश्न : संवाद संपूर्णपणे त्या काळच्या मराठीत असावेत का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नसावेत. निवेदन आजच्या साध्या मराठीत ठेवावे आणि ऐवज, जामीन, जासूद यांसारखे शब्द जिथे कामाचे असतील तिथेच येऊ द्यावेत. अस्सल धाटणीचे एखादे पत्र पुरते, आणि तेही दहा ओळींच्या आत. फारसी शब्दांची गर्दी करण्यापेक्षा ‘मिनिट’, ‘पोलीस’ आणि पाहुण्यापुढे ठेवलेला चहा आत शिरणार नाही, याची काळजी घेणे अधिक अवघड असते.

प्रश्न : माझी जुन्या पुण्यावरची रहस्यकादंबरी लवकरच एका लहान प्रकाशकाकडून येत आहे. पेशवाईवरून एखादा वाद उकरून काढला तर खप वाढेल, असे मित्र सुचवतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : वाद वाढतो, पुस्तक मागे पडते. वाद घालणाऱ्यांपैकी फार थोडे लोक कादंबरी विकत घेतात, आणि जे घेतात ते रहस्यासाठी नव्हे तर चुका काढण्यासाठी वाचतात. मुखपृष्ठावर ‘सत्यघटनेवर आधारित’ असेही छापू नये. त्याऐवजी पुस्तकाच्या शेवटी दोन पाने घेऊन इतिहास कुठे संपतो आणि आपली कल्पना कुठे सुरू होते ते स्पष्ट लिहावे. जाणकार वाचक आणि ग्रंथपाल ती पाने आधी पाहतात, आणि पुस्तकाची शिफारस करणारेही बहुतेक तेच असतात.

आपला तपासनीस वाचकांना परिचित व्हावा म्हणून त्याचेच पात्र असलेली, कादंबरीचा उलगडा न करणारी एक स्वतंत्र कथा दिवाळी अंकाकडे द्यावी; परंतु चांगल्या अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून ती गणपतीपर्यंत रेंगाळू देऊ नये. प्रकाशनपूर्व सवलत जरूर ठेवावी. प्रकाशन समारंभावरच्या खर्चातला निम्मा भाग कापून कसब्यापासून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापर्यंत वाचकांसह एक सकाळची फेरी आखावी. कादंबरीतली ठिकाणे दाखवावीत, त्या जागी काय घडले असेल याचे अंदाज लोकांना करू द्यावेत, आणि कोणी उत्तराच्या जवळ पोहोचला तरी चेहरा निर्विकार ठेवावा. प्रती सोबत न्याव्यात, पण त्या फेरी संपल्यावरच काढाव्यात. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना आपण किंवा प्रकाशकाने स्वतः पत्र लिहावे, कारण रहस्यकादंबरीची एक प्रत तिथे अनेक घरांतून फिरते आणि लेखकाचे दुसरे पुस्तक त्या घरांतूनच मागितले जाते.