वाचकांचे प्रश्न : विधान परिषदेच्या जागांचा हिशेब

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकांचा तक्ता करतो आहे. विजयी उमेदवारांची नावं जुळली, पण अमळनेर, चोपडा, शहादा अशी तालुकावार मतं कुठंच सापडत नाहीत. शिवाय २०२३ चा निकाल पाचव्या फेरीत लागला असं वाचलं. म्हणजे पाचव्या पसंतीपर्यंत मतं मोजावी लागली का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : तालुकावार मतांचा शोध थांबवा, कारण ती कधी तयारच होत नाहीत. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या पाचही जिल्ह्यांतल्या मतपेट्या नाशिकला जातात. तिथं आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिका नुसत्या मोजून संख्येचा ताळा घेतात. मग सगळ्यांची सरमिसळ करून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधतात आणि ते टेबलांवर वाटतात. कुठला गठ्ठा कुठल्या तालुक्याचा, हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा ‘खान्देशानं अमक्याला तारलं’ हे वाक्य छापण्याआधी दोनदा विचार करा. तालुकावार मिळते ती फक्त मतदानाची टक्केवारी. ती जरूर द्या, पण तिच्यावरून कल काढू नका.

‘फेरी’ या शब्दानं भले भले फसतात. एक फेरी टेबलांची असते. प्रत्येक टेबलावर हजार मतपत्रिका, अशी २८ टेबलं धरली तर एका फेरीत २८ हजार होतात. सव्वा लाखावर मतपत्रिका असल्या की पाच फेऱ्या लागणारच. दुसऱ्या प्रकारची फेरी असते बाद करण्याची. इथं मतदार नावांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कुणीच कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, गाठला नाही, तर सर्वांत कमी मतं मिळालेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटल्या जातात. २०२३ मध्ये ती वेळच आली नाही. सत्यजित तांबे यांना पहिल्या पसंतीची ६८,९९९ मतं मिळाली, धुळ्याच्या शुभांगी पाटील यांना ३९,५३४. फरक २९,४६५ मतांचा.

कोट्याचं गणित सोपं आहे. एकूण मतदानातून बाद मतं वजा करा, उरलेल्या वैध मतांना दोननं भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि एक मिळवा. टक्केवारीही वैध मतांवरच काढा. कुणी ती झालेल्या एकूण मतदानावर काढतं, कुणी वैध मतांवर, आणि मग दोन वर्तमानपत्रांचे आकडे जुळत नाहीत.

तक्त्यात मतदानाची तारीख (या निवडणुकीत ३० जानेवारी २०२३) आणि मोजणीची तारीख (२ फेब्रुवारी) वेगळ्या ठेवा. मग एकूण मतदार, झालेलं मतदान, बाद, वैध, कोटा, पहिल्या पसंतीची मतं आणि गरज पडली असेल तर अखेरची मतं असे रकाने करा. पक्षाच्या रकान्यात उमेदवारी अर्जावर जे होतं तेच लिहावं. काँग्रेसनं उमेदवारी दिली होती डॉ. सुधीर तांबे यांना. त्यांनी अर्जच भरला नाही, मुलानं, म्हणजे सत्यजित यांनी, अपक्ष म्हणून भरला. शुभांगी पाटील यांनाही महाविकास आघाडीचा पाठिंबा असला तरी त्या अपक्षच होत्या. म्हणून दोन्ही नावांपुढं ‘अपक्ष’, आणि पाठिंब्याची हकिगत तळटीपेत.

आणखी एक जागा चुकण्यासारखी आहे. या पदवीधर मतदारसंघाचे तेव्हाचे आमदार प्रताप सोनवणे २००९ मध्ये धुळ्यातून लोकसभेवर गेले, म्हणून इथं पोटनिवडणूक झाली. पोटनिवडणुकीत निवडून येणाऱ्याला सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदत तेवढी मिळते. सहा-सहा वर्षं मोजत मागं गेलात तर हिशेब इथं हमखास तुटेल.

प्रश्न : धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात २०२० ला निवडणूक झाली आणि २०२१ ला पुन्हा झाली. एवढ्या लगेच कशी? आणि विजयी उमेदवाराला मतं अवघी ३३२? — एक वाचक, शिरपूर

उत्तर : ३३२ ही इथं चांगली घसघशीत मतं आहेत. मतदार म्हणजे जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती आणि महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींचे नगरसेवक. ग्रामपंचायत सदस्याला यात मत नाही. दोन जिल्हे मिळूनही यादी काही शेकड्यांतच आटोपते.

अमरिशभाई पटेल यांनी काँग्रेसच्या आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला, त्यामुळं पोटनिवडणूक लागली. ती मार्च २०२० मध्ये व्हायची होती. कोविडमुळं लांबली आणि १ डिसेंबरला झाली. पटेल यांना ३३२, काँग्रेसचे अभिजित पाटील यांना ९८ मतं. पण हातात आली ती जुनीच मुदत, आणि ती संपत आल्यानं डिसेंबर २०२१ मध्ये नियमित निवडणूक आली. त्या वेळी पटेल बिनविरोध निवडून आले. बिनविरोधच्या ओळीत मतांच्या जागी ० किंवा १०० टक्के लिहू नका. मतदान झालंच नाही, तिथं आडवी रेघ हवी.

तुमच्या शिरपूरचा धागाही इथं जोडा. पटेल १९९० ते २००९ शिरपूरचे आमदार होते. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झालं आणि २००९ पासून तिथं काशिराम पावरा निवडून येत आहेत. विधान परिषदेच्या जागांना असं आरक्षण नसतं. विधानसभा आणि परिषद यांचे तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय पटेल यांचं हे स्थलांतर दिसत नाही.

प्रश्न : जळगाव स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जागेवर चंदूभाई पटेल यांच्यानंतर कुणाचं नाव लिहायचं? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ५ डिसेंबर २०२२ ला त्यांची मुदत संपली. त्यापुढं नवी निवडणूक होईपर्यंत ‘रिक्त’ लिहा. निवडणूक घ्यायची तर मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के स्थानिक संस्था कार्यरत असाव्या लागतात आणि किमान ७५ टक्के मतदार पदावर असावे लागतात. झेडपी, पालिकांवर प्रशासक बसले की मतदारच उरत नाहीत.

प्रश्न : मागच्या पदवीधर निवडणुकीला माझं नाव होतं. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करायचा का? मुलगी पदवीधर आहे, पण सध्या सुरतला नोकरीला असते. — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : हो, दर वेळी. ही यादी प्रत्येक निवडणुकीला कोरी करून नव्यानं लिहिली जाते. विधानसभेच्या यादीतलं नाव इथं चालत नाही आणि मागच्या वेळचं नावही आपोआप पुढं येत नाही. ‘माझं नाव कापलं’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. म्हणूनच २०२३ च्या यादीत २ लाख ६२ हजारांवर मतदार होते, यावरून पाच जिल्ह्यांत पदवीधर किती हे ठरवता येत नाही. कुणी किती अर्ज भरून घेतले, एवढंच त्यातून कळतं. खरी लढत कितीदा तरी नोंदणीतच उरकलेली असते.

पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर. त्या तारखेला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत, रहिवासाचा पुरावा आणि फोटो घेऊन तहसील कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्ही नावं जोडणारा कागद लावा, नाहीतर अर्ज अडकतो. गठ्ठ्यानं आणून दिलेले अर्ज घेत नाहीत. एका घरातले अर्ज मात्र घरातल्या कुणीही दिलेले चालतात. मुलीचं नेहमीचं वास्तव्य सुरतला असेल, तर तिला इथं नोंदणी करता येणार नाही.

मत देतानाचं एक. इथं यंत्र नाही, कागदी मतपत्रिका असते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेननंच हव्या त्या नावासमोर ‘१’ हा आकडा लिहा. अक्षरात ‘एक’ लिहिलं, बरोबरची खूण केली, सही केली किंवा दोन नावांसमोर १ लिहिला, तर मत बाद होतं. पुढच्या पसंती न देता फक्त १ लिहिला तरी मत वैध असतं. २०२३ मध्ये बाद मतं सुमारे १३ हजार होती आणि मतदान करणारे सगळे पदवीधर होते.