घरी जाऊन शेवटच्या आजारातल्या पेशंटचं नर्सिंग करणं कसं असतं? रोज मरण बघून त्रास होत नाही का?

होतो, पण तुम्हाला वाटत असेल तेवढा नाही. जास्त त्रास दाराबाहेरच्या कुजबुजीचा. मी चपला काढत असतानाच मुलगा नाहीतर सून बाहेर येते, दार ओढून घेते आणि म्हणते, "सिस्टर, बाबांना कॅन्सरचं सांगितलेलं नाही हं. अल्सर म्हणूनच बोला." आत गेले की बाबा त्याच मुलाला पाणी आणायला पाठवतात आणि मला विचारतात, "किती दिवस?" मी उलट विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" बहुतेकांचा अंदाज बरोबर असतो.

पुण्यात नऊ वर्षं हेच काम करतेय, त्याआधी आयसीयूत होते. पगार तिथे बरा होता. आता रोज स्कूटरवरून तीन-चार घरं होतात.

दुखण्यावर मॉर्फिनची गोळी, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायला लागल्यावर द्यायची नसते, दुखूच नये म्हणून द्यायची असते. हे घरच्यांना पटवण्यातच पहिला आठवडा जातो. "व्यसन लागेल", "याने लवकर जातील" हे प्रत्येक घरात ऐकते. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने तसं होत नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत असतं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन ठेवण्याचे परवाने सुटसुटीत झाले, तरी साध्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळत नाही.

वासाबद्दल कोणी विचारत नाही. तोंडाच्या कॅन्सरची जखम सडली की वास जिन्यापर्यंत येतो. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून ती पूड ड्रेसिंगमध्ये घालतो, काही दिवसांत वास उतरतो. एका घरी आजोबांचा नातू त्यानंतर पुन्हा त्यांच्या पलंगावर बसून गृहपाठ करायला लागला. माझ्या मते त्या महिन्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच.

सगळ्यात मोठं भांडण जेवणावरून. "काहीच खात नाहीत, निदान सलाईन तरी लावा." शेवटच्या दिवसांत शरीराला ते पाणी पेलत नाही. पाय सुजतात, छातीत पाणी साठतं, घरघर वाढते. मी सांगते, कापूस ओला करून ओठांवरून फिरवा, वर थोडं तूप लावा. हाताला काम मिळालं की माणसं जरा शांत होतात. घरघर लागली की पेशंटला कुशीवर वळवायचं, गरज पडली तर इंजेक्शन. पेशंटला बहुधा त्याची शुद्ध नसते, ऐकणाऱ्यांनाच ती सहन होत नाही.

तुमच्या घरी कोणी असं असेल तर एक आधीच ठरवून ठेवा: रात्री दोनला काही झालं तर मृत्यूचा दाखला लिहायला कोणते डॉक्टर येतील? घरीच वारलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण नमुना ४अ या सरकारी फॉर्मवर डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. ते नसलं की रडायचं सोडून फोन फिरवत बसावं लागतं.

पेशंट गेल्यावर मी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढते, अंग पुसते, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घेते. त्या घरात चूल पेटत नाही, पण शेजारून चहाचा थर्मास येतोच, आणि पहिला कप मला देतात. पूर्वी नको म्हणायचे. आता घेते, आणि पिऊन होईपर्यंत बसते.