ठोक्यांचा डॉक्टर निवडताना

आधी एक गोष्ट पक्की करा: ब्लॉकेज, स्टेंट पाहणारा हृदयरोगतज्ज्ञ वेगळा आणि ठोक्यांची लय पाहणारा इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट वेगळा. सगळे इथेच चुकतात. नावाजलेल्या डॉक्टरांकडे जातात, पण त्यांचा हात अँजिओप्लास्टीवर बसलेला असतो.

भेटीला जाताना धडधड सुरू असतानाचा ईसीजी न्या. नंतर काढलेला बहुतेकदा नॉर्मलच येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून परतावं लागतं. त्रास रोज होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) पुरतो. महिन्यातून एकदाच होत असेल तर त्यात बहुतेकदा काही सापडत नाही, जास्त दिवसांचा मॉनिटर मागा.

डॉक्टरांना बिनधास्त विचारा:
- माझ्या लयदोषाचं नेमकं नाव काय?
- त्याच प्रकारची अब्लेशन्स, म्हणजे नळीतून हृदयात जाऊन लय बिघडवणारी जागा निकामी करण्याच्या प्रक्रिया, वर्षाला किती करता? (एकूण आकडा नको. एसव्हीटी, म्हणजे अचानक सुरू होणारे जलद ठोके, आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, यांत खूप फरक आहे.)
- पुन्हा उद्भवलं तर?

शेवटच्या प्रश्नावर ‘शंभर टक्के बरं होईल’ असं उत्तर आलं, तर दुसरं मत घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ती मनानं बंद करू नका. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.