वाचकांचे प्रश्न : एअर रायफलचा नेम वरखाली का होतो?

या वेळी बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. रायफल काल नीट चालत होती, आज चालत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातली तपासणीची पद्धत सगळ्यांच्याच उपयोगाची आहे.

प्रश्न : माझी 10 मीटरची मॅच रायफल आहे, सिलिंडरची, रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून सारखा ठेवणारा भाग) असलेली. गेल्या पावसाळ्यापासून नेम आडवा चुकत नाही, पण उभ्या रेषेत पसरतो. थोडे थांबून मारलेला पहिला छर्रा तर हमखास वर लागतो. क्लबमधले म्हणतात, नळी गेली. बदलू का? (कोल्हापूर)

नळीला हात लावू नका. नळी खराब झाली किंवा तिच्यात शिसे साचले, तर ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, सगळ्या बाजूंनी फुगतो. फक्त उभा पसारा दिसला की आधी छर्‍याच्या वेगाचा संशय घ्यायचा.

गणित सोपे आहे. 0.53 ग्रॅमचा छर्रा सुमारे 172 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो आणि 10 मीटर जाईपर्यंत 17-18 मिलिमीटर खाली येतो. वेगात 1 मीटरचा फरक पडला की तो 0.2 मिलिमीटर वर किंवा खाली लागतो. निशाण्यावर दोन वर्तुळांमधले अंतर 2.5 मिलिमीटर, म्हणजे गुणाच्या दहाव्या भागाची किंमत 0.25 मिलिमीटर. वेग 5 मीटरने हलला तर तुमचा हात स्थिर असूनही 0.4 गुण गेले. 60 छर्‍यांच्या सामन्यात हा तोटा परवडणारा नाही.

म्हणून आधी क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचे यंत्र, मिळवा; क्लबमध्ये एक असला तरी पुरतो. रायफल टेकवून, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने 10 छर्रे मारा आणि वेग लिहून ठेवा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक 3 मीटरच्या आत असला तर सलग मारतानाचा वेग ठीक आहे. मग 15 मिनिटे थांबून एक, पुन्हा अर्धा तास थांबून एक छर्रा मारा. थांबण्याचा वेळ वाढेल तसा पहिला छर्रा जास्त वेगाने जात असेल, तर रेग्युलेटर सरकतो आहे. तो हवा पुरती अडवत नाही, सिलिंडरची हवा हळूहळू पुढच्या कप्प्यात झिरपते आणि तिथला दाब वाढतो. उलट पहिला छर्रा हळू गेला तर बहुधा हॅमर (व्हॉल्व्हवर आदळून तो उघडणारा भाग) किंवा व्हॉल्व्ह चिकटतो आहे, जुने ग्रीस घट्ट झाले आहे. मात्र झिरपणे फारच वाढले असेल, तर चढलेल्या दाबाने व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि तेव्हाही वेग पडतो. त्यामुळे पुढच्या कप्प्याचा दाबमापक असेल तर तोही बघा.

तुमची लक्षणे रेग्युलेटरकडे बोट दाखवतात आणि पावसाळ्याचा उल्लेख बोलका आहे. हातपंपाने भरता ना? 200 घनसेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने (बार हे दाबाचे एकक) 40 लिटर हवा बसते. जुलैतल्या दमट हवेत घनमीटरला 20 ग्रॅमहून जास्त बाष्प असते. म्हणजे रिकामा सिलिंडर पूर्ण भरताना जवळजवळ 1 मिलिलिटर पाणी दाबले जाते आणि दाबाखाली त्यातले बहुतेक सगळे थेंब होऊन बाहेर पडते. पंपाचा फिल्टर त्यातले बरेच पकडतो, पण सगळे नाही. हे पाणी आणि त्याबरोबरची धूळ रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे त्याची झडप टेकते त्या जागी, बसते.

सीट आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलणे हे कंपनीच्या सर्व्हिसवाल्याचे काम आहे. भरलेल्या सिलिंडरवर घरी पाना लावायचा नाही. तुमच्या हातात आहे ते भरणे. शक्य असेल तर कोरड्या हवेच्या मोठ्या टाकीवरून भरा. पंपच असेल तर 50-60 हातांनंतर थांबा, पंप थंड होऊ द्या, पाणी सोडायचा स्क्रू उघडा. टाकीवरून भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झपाट्याने भरलेली हवा तापते, काटा 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. शिलाई मशीनचे तेल किंवा इतर कोणतेही खनिज तेल उच्च दाबाच्या हवेत पेटू शकते. ते वापरण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका.

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिक पीसीपी (आधी भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) घेतली आहे. पाच-सहा छर्रे नीट जातात, मग बोल्ट (छर्रा नळीत ढकलणारा दांडा) पुरता पुढे येत नाही किंवा दोन छर्रे एकदम घुसतात. हॅमरची स्प्रिंग जड टाकली तर सुटेल का? (नाशिक)

नाही, उलट बिघडेल. अशा बर्‍याच रायफलींमध्ये छर्रा उडवणारीच थोडी हवा बोल्ट मागे ढकलते आणि हॅमर चढवते. जड स्प्रिंगने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो, नळीत दाब असतानाच बोल्ट मागे सुटतो, हवा मागून फुटते. हवा जास्त खर्च होते आणि अडकणे तसेच राहते.

आधी सुरक्षितता. मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली असे समजू नका. बोल्टने पुढचा छर्रा नळीत आधीच सरकवलेला असतो. तोंड सुरक्षित दिशेला धरून तो मारून मोकळा करा, मगच पुढची तपासणी.

मग अडकले तेव्हा काटा किती बारवर होता ते दर वेळी लिहा. नेहमी एकाच दाबाखाली अडकत असेल, तर बिघाड काहीच नाही. बोल्ट फिरवायला हवा पुरत नाही, त्या दाबाच्या आधी भरा. दाब कोणताही असला तरी अडकत असेल तर छर्रे बघा. मॅगझिनच्या जाडीपेक्षा लांब छर्रा दोन्ही तोंडांनी बाहेर डोकावतो आणि चक्र अडवतो. काचेवर लोटून पाहा. मागची कड चेपलेला छर्रा सरळ लोटत नाही, तो बाजूला काढा. मॅगझिन कोरड्या ब्रशने साफ करा आणि तिथे तेल अजिबात नको. तेलात धूळ आणि शिशाची भुकटी बसून चिकटा होतो.

राहिली ती बोल्टच्या टोकाची ओ-रिंग. हवेच्या छिद्राच्या धारेवरून ती दर फेरीला घासते आणि फाटते. टिश्यू पेपरची पट्टी बोल्टच्या सांध्यावर ठेवून, चेहरा लांब ठेवून एक छर्रा मारा. पट्टी उडाली तर हवा तिथूनच जाते आहे. नवीन रिंग त्याच मापाची आणि त्याच कडकपणाची घ्या.

दोन छर्रे नळीत गेल्याची शंका आली तर तिसरा मारून ते काढू नका. मॅगझिन काढा, हवा पूर्ण सोडा, पितळी किंवा लाकडी सळईने दोन्ही बाहेर ढकला.

एक सांगायला हवे: 10 मीटरच्या स्पर्धेत एका वेळी एकच छर्रा भरता येतो. स्पर्धेकडे जायचे असेल तर सरावही एकेरी रायफलवरच करा.

प्रश्न : शाळेत स्प्रिंगच्या चार रायफली आहेत. एकाच मुलाचा ग्रुप एका रायफलीवर रुपयाच्या नाण्याएवढा, दुसरीवर बशीएवढा. (सांगली)

दस्त्याचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो आणि ते ढिले होतात; दर 150-200 छर्‍यांनी आवळायला हवेत, पण पिळून नव्हे. नंतर छर्रा भरताना नळी जिथे वाकवतात त्या सांध्याचे सील बघा, वरचीच टिश्यूची पट्टी इथेही चालते. मुलांना रायफल घट्ट पकडू देऊ नका. पुढचा भाग उघड्या तळव्यावर दर वेळी त्याच जागी टेकवायचा, बोटे मिटायची नाहीत, म्हणजे झटका दर वेळी सारखाच बसतो. आणि छर्रा न भरता चाप ओढायचा नाही. पुढे हवेची उशी नसते, पिस्टन थेट धातूवर आदळतो आणि सील फुटते. छर्रा मारताना धूर किंवा मोठा आवाज येत असेल तर कोणीतरी आत तेल सोडले आहे.

प्रश्न : 4.49 मिलिमीटरचा छर्रा चांगला की 4.50 चा? (ठाणे)

डब्यावरच्या आकड्यावरून ठरत नाही; दोन कंपन्यांचे 4.50 सारखे नसतात. रायफल शिकंज्यात बांधून प्रत्येक बॅचचे 10-10 छर्‍यांचे तीन ग्रुप काढा. छर्‍याच्या जाडीसकट बाहेरून मोजलेला ग्रुप 7 मिलिमीटरच्या आसपास आला तर ती बॅच तुमची. डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून घ्या आणि हंगामभर पुरतील इतके त्याच क्रमांकाचे डबे एकदम विकत घ्या. एकेक छर्रा काट्यावर तोलण्यात वेळ घालवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

प्रश्न : ताकद वाढवायची आहे, कोणती स्प्रिंग घालू? (नाव नाही)

सांगणार नाही. स्पर्धेच्या रायफलीची ताकद 8 ज्यूलच्या आसपास असते आणि तेवढ्यावर जागतिक पदके मिळतात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 चे जगज्जेतेपद याच 10 मीटर प्रकारात मिळवले. भारतात विनापरवाना एअर रायफलला 20 ज्यूलची मर्यादा आहे. ती ओलांडलीत तर प्रश्न कायद्याचा होतो. आणि पक्ष्यांसाठी ताकद हवी असेल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे.

प्रश्न : जुन्या रायफलीचा सिलिंडर 2012 चा आहे, पण दाब धरतो. वापरू का? (पणजी)

नका वापरू. सिलिंडरवर तयार केल्याची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक मॅच रायफलींच्या कंपन्या 10 वर्षांची मुदत देतात. दाब धरतो याचा अर्थ सील चांगले आहे. धातू किती थकला ते त्यावरून कळत नाही. वर्षानुवर्षे भरणे-रिकामे होणे यातून सूक्ष्म चिरा पडतात आणि फुटताना सूचना मिळत नाही. स्पर्धेतही मुदत पाळण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. नवीन मागवा. जुन्यातली हवा पूर्ण सोडून, सर्व्हिसवाल्याकडून व्हॉल्व्ह काढून घ्या आणि आरपार भोक पाडूनच तो मोडीत द्या, म्हणजे दुसरा कोणी तो भरणार नाही.