वाचक विचारतात : पेटी, पाकीट आणि गुरुवारचं जेवण

प्रश्न : अमेरिकेतली माझी मुलगी दर नोव्हेंबरात 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' हा १९८७चा चित्रपट लावते. घरी निघालेल्या माणसाला घर गाठता येत नाही, एवढीच गोष्ट. मग लोक तो पुन्हापुन्हा का बघतात? (वाचक, नाशिक)

उत्तर : चित्रपट घडतो तो थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर. हा अमेरिकेतला, घरच्यांनी एकत्र जेवायचा सण, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी. तो वार हलत नाही. जाहिरात क्षेत्रातला नील (स्टीव्ह मार्टिन) दोन दिवस आधी न्यूयॉर्कहून शिकागोला निघतो, आणि हिमवादळामुळे विमान उतरतं कॅन्ससमधल्या विचिटाला. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्याला ही तगमग समजावून सांगायला नको.

पण नुसत्या अडचणींनी दीड तास निघत नाही. लेखक-दिग्दर्शक जॉन ह्यूज प्रत्येक अडचणीत नीलकडून काहीतरी काढून घेतो. आधी टॅक्सी, मग फर्स्ट क्लासची जागा, रात्री मोटेलात चोरी होऊन रोकड, पुढे जळालेल्या गाडीत क्रेडिट कार्डं. शेवटी मोटेलच्या काउंटरवर तो १७ डॉलर आणि मनगटावरचं घड्याळ पुढे करतो. पाकीट हलकं होत जातं तसतसा त्याचा तोराही. वाटेत गळ्यात पडलेला सहप्रवासी, न्हाणीघराच्या पडद्याच्या कड्या विकणारा डेल (जॉन कँडी) मात्र त्याच कड्या बसस्थानकावर कानातलं म्हणून खपवून प्रवासाचे पैसे उभे करतो.

आणि विचिटातली, दोघांना एकत्र काढावी लागलेली मोटेलची ती खोली. नील डेलला शब्दांनी मनसोक्त झोडपतो, आपण हसतो. मग कॅमेरा डेलच्या चेहऱ्यावर थांबतो आणि हसू घशात अडकतं. डेल रडत नाही, फक्त 'मी असाच आहे' एवढं सांगतो. इथून पुढे डेलवर हसताना थोडी लाज वाटते. माझ्या मते चित्रपट टिकला तो या प्रसंगामुळे. त्याच खोलीतला, दोघे मिठीत जागे होतात तो विनोद मात्र आता शिळा झालाय.

प्रश्न : आमचा गट प्रवासावर एकांकिका लिहितोय. यातून काय उचलावं? (वाचक, सांगली)

उत्तर : डेलची सामानाची पेटी. (चित्रपट पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर नील तिला अडखळून पडतो, तेव्हा ती निव्वळ अडथळा. बंद पडलेल्या रेल्वेतून उतरून शेत तुडवताना तो नाइलाजाने तिचं एक टोक धरतो. शेवटी कळतं, डेलची बायको ८ वर्षांपूर्वी वारली, त्याला घर नाही. तेव्हा त्या पेटीत काय असणार हे कुणी सांगावं लागत नाही. पेटी तीच, अर्थ तीन. हौशी लेखनात अशी वस्तू पहिल्या प्रवेशात दिसते आणि थेट शेवटी उगवते. मधे एकदा ती पात्रांच्या हाताला लागली पाहिजे, नाहीतर शेवट चिकटवल्यासारखा वाटतो.

दुसरं, विनोदाचं कारण आधी पेरा. भाड्याची गाडी जागेवर नसते तेव्हा नील रागाच्या भरात करारनामा फेकून देतो. मग तो पायपीट करत गाड्या भाड्याने देणाऱ्या काउंटरवर येतो, शिव्यांचा भडिमार करतो, आणि तिथली बाई शांतपणे करारनामाच मागते. फेकण्याचा क्षण आपण पाहिला नसता तर तिचं उत्तर नुसता उर्मटपणा ठरलं असतं.

प्रश्न : कौटुंबिक चित्रपट, मग 'आर' प्रमाणपत्र का? मुलांना दाखवावा का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : मुख्यतः भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच्या प्रसंगामुळे. एकच इंग्रजी शिवी साधारण मिनिटभरात दीड डझन वेळा येते. 'आर' म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी पालकांसोबत पाहावा. नील काउंटरशी पोहोचला की पुढे सरका आणि तो टॅक्सी शोधायला बाहेर येतो तिथून परत लावा. गाडी मिळाली नाही, एवढं मुलांना सांगितलं की भागतं.