लोकवार्ता म्हणजे अफवा नव्हे

रामबागेतल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: ‘फोकलोर’ला, म्हणजे लोकांच्या चालीरीती, समजुती, गाणी-गोष्टी या सगळ्या पसाऱ्याला, मराठीत काय म्हणावं? लोकसाहित्य, लोकवार्ता की लोकविद्या? इंदुरात हिंदी व्याख्यानांमध्ये ‘लोकवार्ता’ सर्रास ऐकू येतं, पण घरी तो शब्द काढला की मुलं म्हणतात, ‘म्हणजे अफवा ना?’

ताई, मुलांचं मी समजू शकतो. माझा संताप होतो तो ‘लोकसाहित्य’ या शब्दाची जी ओढाताण चालली आहे तिच्यामुळे. ‘आता सादर होत आहे माळव्याचं लोकसाहित्य’ असं निवेदक सांगतात आणि मंचावर मटकी नाच सुरू होतो. नाच हे साहित्य कधीपासून झालं? पितृपक्षात आपल्याकडे मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, तिला फुलांच्या पाकळ्या लावतात, रोज आकृती बदलतात, शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्याची मोठी आकृती, करतात. संजाची गाणी लोकसाहित्यात बसतील. पण ती भिंत, ते शेण, तो आकृत्यांचा ठरलेला क्रम आणि ते शिकवणारी थोरली बहीण, यांना कुठे बसवायचं?

‘फोकलोर’ शब्द घडवणाऱ्यालाच हा प्रश्न पडला नव्हता. विल्यम थॉम्सने 1846 साली ‘अथेनियम’ या नियतकालिकात ऍम्ब्रोज मर्टन या टोपणनावाने पत्र लिहिलं आणि तोवर ‘लोकप्रिय पुरावस्तू’ अशा अर्थाच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासाला हे नाव सुचवलं. त्याच्या यादीत चालीरीती, आचार आणि समजुती आधी आहेत. पोवाड्यासारखी गीतं आणि म्हणी त्यानंतर. म्हणजे ‘साहित्य’ हा त्याचा एक भाग, आणि आपण त्या भागाचंच नाव सबंध विषयाला देऊन बसलो. दुर्गा भागवतांचा जन्म आपल्या इंदूरचा, त्यांचं ऋण मोठं. पण त्यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ या पुस्तकाच्या शीर्षकाने मराठीत तो शब्द पक्का केला, आणि तो अपुरा आहे हे मी ठामपणे म्हणतो.

आता ‘वार्ता’. हिंदीत ‘फोकलोर’साठी ‘लोकवार्ता’ सुचवली अभ्यासक वासुदेवशरण अग्रवालांनी. वल्लभाचार्यांच्या पंथातल्या, म्हणजे पुष्टिमार्गी, वैष्णवांच्या चरित्रकथांना ‘वार्ता’च म्हणतात, तेव्हा या शब्दाला कथनाची परंपरा होतीच. हिंदीतले लोकसाहित्याचे अभ्यासक कृष्णदेव उपाध्याय यांना तो शब्द अपुरा वाटला आणि त्यांनी ‘लोकसंस्कृति’चा आग्रह धरला. उपाध्यायांचा अधिकार मान्य करूनही सांगतो, त्यांनी हातातलं सोनं टाकून दिलं.

कारण कौटिल्याला विचारा. त्याच्या ‘अर्थशास्त्रा’त चार विद्या आहेत: आन्वीक्षिकी (तर्कविद्या), त्रयी (तीन वेद), वार्ता आणि दंडनीती (राज्यकारभार). यातली वार्ता म्हणजे बातमी नाही. ‘कृषिपाशुपाल्ये वणिज्या च वार्ता’, म्हणजे शेती, गुरं राखणं आणि व्यापार. शब्द ‘वृत्ती’वरून आला, आणि वृत्ती म्हणजे पोट भरण्याचा मार्ग. मुळाशी ‘वृत्’ धातू आहे. त्यातूनच वृत्त, वृत्तांत, वर्तन, वर्तमान निघाले. वार्तेचंच प्राकृतात ‘वत्ता’ झालं आणि हिंदीत ‘बात’. गुजरातीत तर ‘वार्ता’ म्हणजे सरळ गोष्ट! बडोद्याच्या मुलाला ‘वार्ता सांगतो’ म्हणा, तो मांडी घालून बसेल. एकाच शब्दात उपजीविका आहे, गोष्ट आहे आणि बोलणंही आहे. असा शब्द मला दुसऱ्या कुठल्याच भाषेत भेटलेला नाही.

माझं म्हणणं असं की हे अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. माणसं पोटासाठी जे करतात त्याच्या भोवतीच गोष्ट आणि गाणं धरतं. जात्यावरची ओवी दळणाशिवाय जन्मली नसती. पिठाची गिरणी आली तशी ती ओठांवरून उतरत गेली. लोकांच्या तोंडी असलेली सहदेव-भाडळीची पावसाची भाकितं कौटिल्याच्या अर्थानेही वार्ता आहेत आणि ‘बात’ या अर्थानेही. भाषाशास्त्रज्ञ म्हणतील, अर्थविस्तार वेगवेगळ्या वाटांनी झाला. झाला असेल. वाटा निघाल्या त्या एकाच ठिकाणाहून ना?

पाश्चात्त्य अभ्यासकही फिरून तिथेच आले. इंग्रज मानवशास्त्रज्ञ टायलरने 1871 साली या सगळ्याला जुन्या काळाचे उरलेले अवशेष ठरवलं, आणि पुढे कित्येक वर्षं ‘लोक’ म्हणजे अडाणी खेडूत हेच गृहीत धरलं गेलं. अमेरिकन लोकवार्ता-अभ्यासक अ‍ॅलन डंडिसने 1965 साली ते मोडून काढलं. किमान एक गोष्ट समान असलेला कोणताही गट म्हणजे ‘फोक’, असं तो म्हणाला. आणि ती समान गोष्ट काय असू शकते हे सांगताना त्याने पहिलं नाव घेतलं व्यवसायाचं! मग 1971 मध्ये डॅन बेन-अमोस या दुसऱ्या अभ्यासकाने फोकलोरची ‘लहान गटांतला कलात्मक संवाद’ अशी व्याख्या केली. ती सुबक आहे, पण तिच्यात पोटाचा पत्ता नाही, म्हणून मला डंडिस जवळचा.

त्याच्या कसोटीवर अनंत चतुर्दशीच्या आपल्या इंदूरच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, घ्या. कापड गिरण्यांच्या कामगारांनी ही परंपरा उभी केली. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी झांक्या रात्रभर निघतात, शहर जागं राहतं. खेडं नाही, अडाणीपणा नाही, ओवी नाही, कथा नाही. यांना लोकसाहित्य कोण म्हणेल? लोकवार्ता मात्र त्या शंभर टक्के आहेत.

तर ताई, ओवी, कथा, म्हणी, उखाणे यांपुरतंच बोलायचं असेल तेव्हा लोकसाहित्य म्हणा. सगळा पसारा सांगायचा असेल तर लोकवार्ता म्हणा, आणि मुलांना गुजराती अर्थ आधी सांगा, तो त्यांना लगेच पटेल. तुमची लोकविद्याही मला चालेल. कौटिल्याच्या यादीत वार्ता ही विद्याच आहे.