पुढच्या प्रवाशाने विमानात सीट मागे घेतली तर त्याला अडवता येतं का?

मुंबई-लंडन विमानात पुढचा माणूस उड्डाण होताच सीट मागे घेऊन झोपतो, तुमचे गुडघे चेपतात, तर त्याला सीट सरळ करायला लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. टेकऑफ, लँडिंग आणि जेवण सोडलं तर बटण त्याचं. पण गुडघ्यांवर माझा आक्षेप आहे, तो आधी नोंदवतो.

सीटची पाठ बुडाशी बिजागरीवर फिरते. वरचं टोक साधारण ७-८ सेंटिमीटर मागे येतं. गुडघा टेकतो ती जागा बिजागरीपासून वीसेक सेंटिमीटर वर, तिथे पाठ जेमतेम २ सेंटिमीटर सरकते. म्हणजे गुडघे चेपत असतील तर ते सीट सरळ असतानाही चेपतच होते. दोन रांगांमधलं अंतर लांबच्या विमानांत ३१-३२ इंच आणि स्वस्तातल्या विमानांत २८-२९ इंच असतं, उंच माणसाचं त्यात दुसरं काय होणार? समोरच्या खिशात कोंबलेली पाण्याची बाटली काढा, ते २ सेंटिमीटर तिथेच परत मिळतात.

खरं नुकसान होतं ते लॅपटॉपचं. बहुतेक सीटना ट्रेचे दांडे खालच्या सांगाड्याला जोडलेले असतात, त्यामुळे पाठ हलली तरी ट्रे जागचा हलत नाही. ट्रे बंद करायची खिट्टी असते, तिच्या खालच्या खाचेत लॅपटॉपच्या स्क्रीनची वरची कड जाऊन बसते. मग पाठ मागे आली की स्क्रीनची अडकित्त्यात सुपारी होते. म्हणून लॅपटॉप पोटाकडे ओढून घ्या आणि स्क्रीनची कड खाचेबाहेर ठेवा.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेलं युनायटेड कंपनीचं विमान शिकागोला उतरवावं लागलं, ते ह्याच भांडणापायी. मागच्या प्रवाशाने लॅपटॉपवर काम करायचं म्हणून ट्रेच्या दांड्यांवर 'नी डिफेंडर' नावाच्या प्लास्टिकच्या दोन खुंट्या बसवल्या होत्या. त्या असल्या की पुढची सीट मागे येतच नाही. क्रूने सांगितल्यावर त्याने त्या काढल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, लगेच पुढच्या बाईंनी पाठ अशी आदळली की लॅपटॉप थोडक्यात वाचला. त्याने सीट पुढे ढकलून खुंट्या परत ठोकल्या, बाईंनी हातातल्या ग्लासातलं पेय त्याच्या अंगावर फेकलं. दोघांनाही शिकागोत उतरवलं. आणि दोघं बसले होते कुठे, तर ४ इंच जास्त जागेच्या रांगांत! जागा कमी पडते म्हणून भांडणं होतात हे मला म्हणूनच पटत नाही. चूक दोघांचीही होती, पण पाठ हळू आली असती तर विमान डेन्व्हरला वेळेवर पोचलं असतं, असं माझं मत.

सीट हळू मागे घेणं अवघड नाही. सीटखाली कुलुपासारखा एक दांडा असतो. बटण दाबलं की सायकलच्या ब्रेकसारखी तार तो मोकळा करते, सोडलं की पाठ असेल तिथे थांबते. म्हणजे निम्म्यावर थांबता येतं, हे कुणी करतच नाही. आधी मागे वळून पाहा, चहाचा कप असेल तर थांबा. मग बटण दाबून पाठीचा भार बेताबेताने टाका, चार-पाच सेकंद घ्या. सरळ करताना उलट: बटण दाबा आणि पाठ उचला, आतली स्प्रिंग सीट वर आणते. टेकून बसून बटण दाबत राहिलात तर ती येणार नाही, आणि लँडिंगच्या वेळी "सीट खराब आहे" म्हणणारे निम्मे लोक टेकूनच बसलेले असतात.

कधी कधी मात्र सीट खरंच खराब असते. कुलूप झिजलं की टेकताच पाठ आपोआप मागे घसरते आणि मागच्याला पुढचा माणूस उद्धट वाटतो. क्रूला सांगा. सरळ न राहणारी सीट टेकऑफला चालत नाही, विमानतळावर ती सरळ स्थितीत जाम करून ठेवतात.

आता गुडघ्याने पुढच्याची पाठ रेटणाऱ्या मंडळींसाठी. गुडघ्याने रेटून हाती काही लागत नाही, फक्त पुढच्याची कंबर दुखते. शिवाय ढकलणं, लाथ मारणं हे डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) २०१७ च्या नियमांत दुसऱ्या स्तराचं गैरवर्तन आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते. नुसत्या शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत. उठताना पुढच्या सीटची मान धरून लटकणारे कुठल्याच स्तरात बसत नाहीत, ही त्या नियमांतली मोठीच उणीव!

रेल्वेने मधल्या बर्थचा वाद घड्याळावर सोडवला: रात्री १० ते सकाळी ६ बर्थ उघडा, बाकी वेळ खाली बसा. विमानात असं वेळापत्रक नाही, म्हणून सीट निवडतानाच डोकं वापरा. आपत्कालीन दाराच्या रांगेपुढची सीट बहुधा मागे येत नाही, कारण दाराकडची वाट अडून चालत नाही. म्हणजे दाराच्या रांगेत बसलात की प्रश्न मिटला. मात्र लहान मुलांना आणि वयस्कर आई-वडिलांना तिथे बसवत नाहीत.

आणि हो, मांडीवर बाळ असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर वरचं सेंटिमीटरचं गणित बाजूला ठेवा आणि पुढच्याला आधीच सांगा. "सीट मागे घेऊ नका" म्हणालात तर तो हट्टाने घेईल. "दादा, जरा निम्मीच घ्याल का?" म्हणून पाहा.